सगळ्या गोष्टींचा साचा एकच? मग शुक्रवारची कहाणी कुठे बसवायची?

कथालेखनाच्या कार्यशाळांत आणि फॉरवर्डमध्ये एक दावा सारखा फिरतो : ‘जगातली प्रत्येक गोष्ट मुळात एकच. नायक घर सोडतो, संकटांना तोंड देतो, बदलून परततो. अ‍ॅरिस्टॉटल, प्रॉप, कॅम्पबेल, सगळ्यांनी हेच सिद्ध केलंय.’ तिघांपैकी एकानेही हे सिद्ध केलेलं नाही.

अ‍ॅरिस्टॉटल शोकांतिकेबद्दल बोलत होता. आदि, मध्य, अंत हे शब्द त्याचेच. पण त्यांचे ‘तीन अंक’ नंतरच्या लोकांनी केले. रचना सांगताना तो दोनच भाग करतो, गुंता आणि उकल.

रशियन लोककथा-अभ्यासक प्रॉपवर तर मोठाच अन्याय होतो. 1928च्या पुस्तकात त्याने 31 कार्यं, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या पात्रांच्या ठरावीक कृती, सांगितली, ती सुमारे शंभर रशियन अद्भुतकथा तपासून, आणि फक्त त्यांच्यापुरती. शीर्षकात ‘अद्भुत’ हा शब्द होता, तो संपादकाने काढला, असं प्रॉपने स्वतःच पुढे नोंदवलंय. एक शब्द गळला आणि रशियन परीकथांचं व्याकरण अख्ख्या जगाचं झालं!

अमेरिकन पुराणकथा-अभ्यासक कॅम्पबेलने 1949मध्ये मांडलेले नायकाच्या प्रवासाचे 17 टप्पे पुराणकथांवरून काढलेले. पुढे हॉलिवूडमधले पटकथा-सल्लागार क्रिस्टोफर व्होगलर यांनी ते 12वर आणले. पटकथेला त्यांचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे.

‘पण प्रवास मनातलाही असू शकतो,’ असं यावर म्हणतात. शब्द इतका ताणला की त्यात काहीही बसतं, आणि मग तो कुठल्याच गोष्टीबद्दल काही सांगत नाही.

श्रावणातली शुक्रवारची कहाणी घ्या. भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहिणीला बोलावत नाही. ती पोरांना घेऊन आपणहून जाते, तर तिच्या वेषाची लाज वाटून तिला हाकलतो. देवीच्या कृपेने दिवस पालटतात, तेव्हा तोच भाऊ मानाने बोलावतो. ती शालजोडी उतरवते, दागिने काढून पाटावर मांडते आणि पानातला एकेक पदार्थ त्यांच्यावर ठेवते. तू ज्यांना बोलावलंस त्यांना भरवतेय, म्हणते.

ही बहीण नायकासारखी कुठल्या अनोळखी जगात गेली? भावाचं तेच घर, तीच पंगत. ती बदललेलीही नाही; बदलली ती भावाची नजर. सगळा घाव बसतो तो एकच प्रसंग दुसऱ्यांदा उलटा घडतो म्हणून.

इथे कथनशास्त्र, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याचा अभ्यास, खरंच कामाला येतं, पण ते फ्रेंच समीक्षक जेरार जेनेतचं. 1972मध्ये त्याने विचारलेले प्रश्न असे : घटना कोणत्या क्रमाने सांगितली, किती वेळा सांगितली, तिला किती जागा दिली? कहाणी दिवस पालटल्याचं एका दमात उरकते आणि पानापाशी येऊन थांबते : हा लाडू या दागिन्यावर, ही जिलबी त्या दागिन्यावर. घडायला लागलेला काळ आणि सांगायला लागलेला काळ यांतलं हे अंतर आपल्या आज्यांना ठाऊक होतं. प्रत्येक कहाणीच्या शेवटी त्या म्हणत : साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. म्हणजे साठांची गोष्ट पाचांत सांगून पुरी.