खलाशी पाहिजे, सिबिल साडेसातशे

पावसाळी मासेमारीची बंदी उठायला पंधरा दिवस उरले की हर्णैपासून मालवणपर्यंत बोटमालकांची एकच धावपळ सुरू होते. जाळी तुणून घ्यायची, इंजिन खोलायचं, बर्फ-डिझेलची सोय लावायची आणि माणसं जमवायची. पहिली तीन कामं पैशाने होतात. चौथ्या कामासाठी तुम्ही आजवर काय करत होता? माणूस कुठल्या वाडीतला, कोणाचा कोण, गेल्या साली कोणाच्या बोटीवर होता आणि ती मधेच का सोडली, असे चार प्रश्न चहाच्या टपरीवर विचारायचे आणि माणूस ठेवायचा. शोभतं का हे? इथून पुढे एकच प्रश्न विचारा. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा आकडा, किती?

यात लाजण्यासारखं काही नाही, मोठमोठ्या बँका हेच करतात. बँकांसाठी नोकरभरती करणाऱ्या आयबीपीएस या संस्थेने २०२३ च्या भरतीत सिबिल ६५० असावं अशी अट घातली होती. पुढे किमान आकडा ज्या त्या बँकेवर सोपवला. स्टेट बँकेने कर्ज थकवल्याची नोंद असलेल्या एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचं म्हणणं उचलून धरलं. जो लोकांचा पैसा हाताळणार त्याचा स्वतःचा पैशाचा व्यवहार चोख हवा, असा त्यातला विचार. तुमच्यातल्या रिसॉर्टवाल्याच्या स्वयंपाकघरातला पोऱ्या लोकांचा पैसा हाताळत नसेल, पण लोकांची सुरमई तर हाताळतो. आमच्या मते एवढं साम्य पुरे.

आता रिपोर्ट मिळवायचा कसा ते पाहू. २००५ च्या कायद्याप्रमाणे पतमाहिती, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं ही माहिती, कोणाला द्यायची याची यादी ठरलेली आहे: बँका, वित्तसंस्था, विमा कंपन्या वगैरे. त्या यादीत ‘होम-स्टे, एसी-नॉनएसी, घरगुती जेवण’ नाही. तेव्हा स्वतः मागवायच्या भानगडीत पडू नका, उमेदवारालाच आणायला लावा. त्याने स्वखुशीने आणून दिला असं त्याच्याकडून लिहून घ्या. नोकरी हवी असलेला माणूस स्वखुशीने काय काय आणून देतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

देशात ही पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पॅन आणि मोबाइल नंबर लागतो. नंबर तोच, जो कर्ज घेताना दिला होता. वाडीत रेंज येईना म्हणून त्याने मधे दोन सिमं बदललेली असणार आणि ओटीपी गेलेला असणार तिसऱ्याच माणसाला. ही त्याची अडचण. चारही रिपोर्ट मागा. एकाच माणसाचे चार कंपन्यांत चार आकडे निघतात, कारण प्रत्येकीचं गणित वेगळं. त्यातला सगळ्यात खालचा धरा.

आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. तो कशावरून ठरतो हे उमेदवाराला ठाऊक नसतं, तुम्हालाही नसलं तरी बिघडत नाही. पण चारचौघांत बोलायला उपयोगी पडेल म्हणून सांगतो: हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची मर्यादा किती वापरली, कर्जाचं खातं किती जुनं, तारण कर्ज किती आणि बिनतारणी किती, नव्या कर्जासाठी किती ठिकाणी चौकशा झाल्या. माणसाचा पगार त्यात नसतो. साठवलेले पैसे नसतात. वेंगुर्ल्याच्या वाण्याकडे वीस वर्षांची वही आहे आणि दर शिमग्याला ती कोरी होते, हेही नसतं. गावच्या पतसंस्थेचं कर्ज बहुधा नसतंच. सावकाराचं तर कुठल्याच रिपोर्टात नसतं.

म्हणून कधी कधी आकड्याच्या जागी वजा एक दिसेल. घाबरू नका. त्याचा अर्थ या माणसाच्या नावावर कर्जाचा इतिहासच नाही. रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर असा काही ठरवून दिलेला नाही आणि पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून बँकेने परत पाठवू नये, असंही सरकारने सांगितलंय. पण ते कर्जाचं झालं. तुम्हाला माणूस ठेवायचाय. जो आयुष्यात कोणाचं देणं लागला नाही, त्याचा भरवसा काय धरायचा? त्याला सांगा, आधी मोबाइल हप्त्यावर घे, सहा महिन्यांनी ये.

आकड्याखाली खात्यांचं कोष्टक असतं. खरी मजा तिथे आहे, तेव्हा चष्मा लावा. दर महिन्याला एक चौकोन, असे तीन वर्षांचे छत्तीस. चौकोनात तीन शून्यं असली तर हप्ता वेळेवर गेला. ०३० म्हणजे तीस दिवस थकला, ०६० म्हणजे साठ. तीन फुल्या ही शिवी नव्हे. त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही, एवढाच त्यांचा अर्थ. तुम्ही मात्र शिवीच समजा.

खलाशाचं कोष्टक भरती-ओहोटीच्या तक्त्यासारखं दिसेल. दहा महिने शून्यं, मग जूनला ०३०, जुलैला ०६०, पुन्हा शून्यं. छत्तीस चौकोनांत तीन जून आणि तीन जुलै येतात. अडाणी माणूस म्हणेल, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, त्याला या दोन महिन्यांचा पगार कोण देतो? तुम्ही अडाणी नाही. तुम्ही म्हणायचं, ‘आर्थिक शिस्त नाही.’ आणि भरती करायची नेमकी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे रिपोर्ट सगळ्यात वाईट असतानाच तो तुमच्या हातात येईल.

याहून पक्कं काम करायचं असेल तर ऑगस्टच्या फेऱ्यांचा हिशेब गणपती विसर्जनानंतर करा. ५ जूनचा हप्ता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नव्वदी ओलांडतो आणि खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. पुढच्या साली हाच माणूस दारात आला की तुम्हाला फार विचार करावा लागणार नाही.

रिसॉर्टवाल्यांनी बोटवाल्यांचा हेवा करू नये. तुमच्याकडेही पावसाळा आहे. मे संपला की वेटर, हाउसकीपिंगवाला, माळी यांना ‘दिवाळीला फोन करतो’ म्हणून घरी पाठवा. चार महिने बिनपगारी. ऑक्टोबरात फोन करा आणि येताना रिपोर्ट घेऊन यायला सांगा.

सीझनमध्येही हात आखडता घेण्याचं कारण नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा असं कायदा म्हणतो. बहुतेकांचे हप्ते पाच तारखेला कापले जातात. पूर्वी महिनाअखेरचीच स्थिती कळवली जायची, त्यामुळे पगार वीस तारखेला झाला तरी गडी तीसच्या आत भरून मोकळा व्हायचा आणि डाग लागत नसे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवणं बंधनकारक झालं. आता तुम्ही वीस तारखेला पगार केलात की महिन्याच्या मधल्याच कागदावर त्याच्या नावाने थकबाकी गेलेली असते. शिवाय खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता परतल्याचा दंड वेगळा. आपल्या एका सहीला एवढी ताकद आहे हे किती मालकांना ठाऊक असेल?

एखादा तोंडाळ निघतो. म्हणतो, ‘पगार वेळेर मेळलो तर हप्तो वेळेर जातलो.’ असल्याला ठेवू नका. सिबिल कितीही असो.

‘सेटल्ड’ हा शब्द नीट शोधा. बँकेने थकलेल्या कर्जात काही सोडून दिलं आणि बाकीचं घेऊन खातं मिटवलं की हा शिक्का बसतो. गडी समजतो, सुटलो. शिक्का पुढे कितीतरी वर्षं राहतो. पूर्ण रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घे, बँकेचं ना-देय पत्र घे, असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि तुम्हीही सांगू नका. भावाच्या रिक्षाच्या कर्जाला जामीन राहिलेला असेल तर ते खातंही इथे दिसतं. रिक्षा भाऊ चालवतो, हप्ता भाऊ चुकवतो, डाग याच्या नावावर. कोकणात सख्ख्या भावाला जामिनाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय, तेव्हा या रकान्यात काही ना काही सापडतंच.

नाव-आडनावाकडेही लक्ष असू द्या. एका वाडीत एक आडनाव, आजोबांचं नाव नातवाला, आणि चुलत घरातही तोच हिशेब. कधी एकाचं कर्ज दुसऱ्याच्या कागदावर चढतं. चुकीची नोंद असेल तर उमेदवार तक्रार करू शकतो. बँक आणि कंपनीने मिळून तीस दिवसांत निकाल लावायचा असतो, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. एप्रिल २०२४ पासून हा नियम आहे. तीस दिवस लागतात ना? मग तुम्ही त्याला खुलाशासाठी तीन दिवस द्या.

काजू कारखानदारांची एक वेगळीच तक्रार असते. सोलायला बसणाऱ्या बायकांचे रिपोर्ट फारच चांगले निघतात. गटाचं कर्ज, हप्त्याच्या दिवशी वसुलीचा साहेब अंगणात, एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. मग शून्यांशिवाय दिसणार काय? नवरा ५८०, बायको ७६०. इथे नियम थोडा वाकवावा लागतो. तिला ठेवा, पण सिबिलवरून पगार ठरत नाही हे आठवणीने सांगा.

कोणी शिकलेला विचारील की कमी सिबिलचा माणूस चोरी करतो किंवा काम वाईट करतो याला पुरावा काय. विषय बदला. कारण २०१० साली अमेरिकेत ओरेगॉनच्या विधिमंडळापुढे ट्रान्सयुनियनच्याच प्रतिनिधीने कबूल केलं होतं की असा संबंध दाखवणारं संशोधन आपल्याकडे नाही. सिबिलच्या नावाआधी लागलेली ट्रान्सयुनियन ती हीच. तिकडे तर नोकरीसाठी मागवलेल्या रिपोर्टात स्कोअर देतच नाहीत, आणि रिपोर्टवरून नाकारायचं ठरलं तर आधी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते. आपण त्यांच्याकडून फक्त आकडा घ्यावा, बाकीची कटकट त्यांची त्यांना लखलाभ.

आंबा बागायतदारांना एक खास सूचना. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन पंचवीस फुटांवर चढणाऱ्या माणसाचं सिबिल तपासताना दोराची गाठ तपासायची राहून गेली तर दोष कोणाचा, हे आधीच ठरवून ठेवा. सातशे ऐंशीवाल्याच्या पायाखालचीही फांदी मोडते. बागेच्या राखणीला येणारे नेपाळी असतात; त्यांच्यापाशी पॅनच नाही, मग रिपोर्ट कुठला? त्यांना नियमातून वगळा. पाच महिने बागेत राहायला दुसरं कोणी मिळत नाही.

उचल हा प्रकार मात्र या सगळ्यापासून चार हात लांब ठेवा. मे महिन्यात तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या, हातात पन्नास हजार ठेवायचे, खलाशांना वीस-वीस, म्हणजे ऑगस्टला दुसऱ्याच्या बोटीवर जाणार नाहीत. ना तारण, ना कागद, ना व्याजाचा दर. बँकेने असं कर्ज दिलं असतं तर मॅनेजरची बदली झाली असती. पण तुम्ही उचल देताना सिबिल विचारता का? नाही ना? तेव्हा तुम्ही माणूस ओळखता. मग पगारावर ठेवताना ती ओळख कुठे जाते, असा प्रश्न मनात आला तर पाणी प्या, थोडा वेळ बसा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वतःचा रिपोर्ट काढू नका. कुतूहल म्हणूनसुद्धा नाही. २०१७ ची कर्जमाफी झाली, २०१९ ची झाली, तिसरी येईल म्हणून सोसायटीचं पीक कर्ज तुम्ही अडकवून ठेवलंय. ट्रॉलरच्या इंजिनाचा हप्ता वादळाच्या साली चुकला तो अजून मागेपुढेच आहे. वाशीच्या दलालाची आगाऊ रक्कम कुठल्याच रिपोर्टात येत नाही, ही देवाची कृपा. तुमच्याच अटीवर तुम्हाला तुमच्याच बोटीवर खलाशी म्हणून कोणी ठेवणार नाही.

जाहिरातीचा मजकूर खाली देतो. बंदरावर, एसटी स्टँडवर आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर लावावा.

‘पाहिजेत: खलाशी सहा, भंडारी (बोटीवरचा स्वयंपाकी) एक. सिबिल ७५० च्या वर. चारही कंपन्यांचे रिपोर्ट सोबत आणावेत. जून-जुलैमध्ये हप्ता चुकलेल्यांनी येण्याची तसदी घेऊ नये. पगार समक्ष ठरेल, मिळण्याची तारीख विचारू नये. पोहता येणाऱ्यास प्राधान्य. बँकेची माणसं जेटीवर आल्यास मालक मुंबईला गेलेत, असं न अडखळता सांगता आलं पाहिजे.’