घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे

साठच्या दशकातल्या सजण्यावरच्या तुमच्या लेखात उंच अंबाडा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाहेर ओढलेलं आयलायनर, सगळं छान सांगितलंय. पण ‘चेहऱ्याला लिंबू चोळा, घरचंच आहे, अपाय होत नाही’ हे वाक्य कृपया काढून टाका. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, त्वचेचा साधारण ५; हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरिन नावाची रसायनं असतात. ती अंगाला लागलेली असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

माझी भाची लिंबू चोळून भर एप्रिलात मेन रोडला बस्त्याच्या खरेदीला फिरली. गालावर रस ओघळला होता तिथे तपकिरी पट्टा उठला, तो लग्नाच्या फोटोतही दिसतो. लावायचीच तर मुलतानी माती लावा, तीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा.