वाफेच्या नकाशावरचे लाल झटके: मारा कुणाचाच नाही, फेरी उपग्रहाची

कॅलिफोर्नियात मोठा पाऊस आला की एक छोटा व्हिडिओ हमखास फिरू लागतो. पॅसिफिकचा नकाशा, हवाईकडून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघालेला पिवळा-नारिंगी पट्टा, त्यात ठराविक वेळाने उसळणारे लाल झटके आणि मध्येच तिरप्या सरळ रेषा. खाली मजकूर असतो: 'मायक्रोवेव्हचा मारा करून ढग ओढले जातायत. ही वातावरणीय नदी नैसर्गिक नाही, बनवलेली आहे. पुरावा त्यांच्याच वेबसाइटवर आहे.' (वातावरणीय नदी म्हणजे समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहत येणारा वाफेचा लांब, अरुंद पट्टा.) सॅन होजे, फ्रीमाँट भागात मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे असा संदेश पुण्या-मुंबईच्या गटांत यायलाही वेळ लागत नाही.

व्हिडिओतलं चित्र खरं आहे, त्यात छेडछाड नाही. चूक झाली आहे ती वाचण्यात. हा नकाशा विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या 'सिम्स' या संस्थेचा आहे, नाव मिमिक-टीपीडब्ल्यू, म्हणजे 'मॉर्फ्ड इंटिग्रेटेड मायक्रोवेव्ह इमेजरी ॲट सिम्स - टोटल प्रेसिपिटेबल वॉटर'. टोनी विमर्स आणि ख्रिस वेल्डन यांनी तो विकसित केला. एखाद्या जागेवरच्या हवेच्या उभ्या स्तंभातली सगळी वाफ पिळून पाणी केलं, तर ते किती मिलिमीटर भरेल, एवढंच त्यातला रंग सांगतो. आता दाव्यातला एकेक मुद्दा घेऊ.

'नावातच मायक्रोवेव्ह आहे, म्हणजे मायक्रोवेव्ह सोडतात.'

सोडत नाहीत, टिपतात. समुद्र, जमीन, हवेतली वाफ या सगळ्यांतून अतिशय क्षीण सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) आपोआप बाहेर पडत असतात. वाफेची खूण 22.235 गिगाहर्ट्‌झला उमटते. तिच्या शेजारी, 23.8 गिगाहर्ट्‌झला, सुओमी एनपीपी आणि एनओएए-20 या उपग्रहांवरचं एटीएमएस हे उपकरण आठशेहून अधिक किलोमीटर उंचीवरून कान लावून बसतं. त्याला 22 चॅनेल आहेत, प्रक्षेपक एकही नाही. या लहरींत समुद्र थंड दिसतो, म्हणून त्यावरची वाफ ठळक उठून येते. जमीन मुळातच उबदार दिसते, तिथे हा फरक पुसट होतो आणि आकडा काढायला 183 गिगाहर्ट्‌झजवळच्या चॅनेलांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. किनारा ओलांडताच पट्ट्याचा पोत बदलतो, त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरं कारण म्हणजे डोंगर चढताना वाफ खरोखरच पाऊस होऊन गळते.

खरी काळजी याच्या नेमकी उलट आहे. 23.6 ते 24 गिगाहर्ट्‌झ हा पट्टा फक्त ऐकण्यासाठी राखून ठेवलेला आहे आणि 24.25 पासून पुढचा पट्टा 5जी ला दिला गेला. शेजारचा गोंगाट आत शिरेल का, यावरून 2019 च्या जागतिक रेडिओ परिषदेत हवामानवाले आणि दूरसंचारवाले यांच्यात मोठी ओढाताण झाली. आपल्या प्रक्षेपकांनी वाफ तयार होत नाही, वाफेचं मोजमाप मात्र बिघडू शकतं.

'झटके ठराविक वेळाने येतात. कुणीतरी वेळापत्रकाने सोडतंय.'

वेळापत्रक आहे, पण ते कक्षेचं. सगळा गोंधळ या एका मुद्द्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हे उपग्रह ध्रुवीय कक्षेत फिरतात. एका फेरीला सुमारे 101 मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात पृथ्वी जवळपास 25 अंश पूर्वेला सरकलेली असते. म्हणजे प्रत्येक फेरीचा पट्टा आधीच्या पट्ट्याच्या 25 अंश पश्चिमेला पडतो. कक्षा सूर्याशी बांधलेली असल्याने विषुववृत्तावरून जाताना स्थानिक घड्याळ रोज तीच वेळ दाखवतं: युरोपचे मेटऑप उपग्रह सकाळ-रात्री साडेनऊच्या सुमारास, एनपीपी आणि एनओएए-20 दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. साडेनऊ ते दीड हे अंतर चार तासांचं. दीड ते पुढचे साडेनऊ हे आठ तासांचं.

मधल्या तासांत तिथे ताजं मोजमाप नसतं, तरी नकाशा दर तासाला निघतो. मग आधीची वाफ जीएफएस या अमेरिकी हवामान-प्रारूपाच्या वाऱ्यांनी पुढे सरकवतात, नंतरच्या फेरीची वाफ मागे सरकवतात आणि दोन्हींची सांगड घालतात. 'मॉर्फ' म्हणतात ते हेच. वाऱ्याच्या अंदाजात सेकंदाला 5 मीटरची चूक असेल तर सहा तासांत वाफ 108 किलोमीटर चुकीच्या जागी पोचते. वातावरणीय नदीची कड धारदार असते. तिच्या आत 35 मिलिमीटर वाफ असेल, तर बाहेर थोड्याच अंतरावर 15 असते. उपग्रह डोक्यावरून गेला की ती कड एका फ्रेममध्ये शंभर किलोमीटर सरकून खऱ्या जागी येते आणि डोळ्याला तो 'झटका' वाटतो.

दुसरी खोट अशी की सरकवताना वाफेत भर पडत नाही आणि घटही होत नाही. वाटेत मुसळधार पाऊस पडून हवा कोरडी झाली, तरी जुना आकडा तसाच पुढे ढकलला जातो. नवी फेरी आली की लाल रंग गप्पकन उतरतो. तिसरी खोट: सरकवायला खालच्या थरांतला सरासरी वारा घेतात. दीड किलोमीटरवर वारा एका दिशेने आणि चारवर दुसऱ्या दिशेने वाहत असेल, तर वाफेचा काही भाग भलतीकडेच नेला जातो.

हे घरी पडताळता येतं. व्हिडिओ एकेक फ्रेम थांबवून झटक्याची वेळ आणि रेखांश लिहून घ्या. नकाशावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते; तिथली स्थानिक सौरवेळ काढायला दर 15 पश्चिम रेखांशांना एक तास वजा करा. 135 पश्चिमेवर 2230 यूटीसीला झटका दिसला तर तिथे दुपारचे दीड वाजलेत. त्यानंतरचा झटका सुमारे पावणेदोन तासांनी आणि 25 अंश पश्चिमेला दिसतो का, ते बघा. वाफ पूर्वेकडे चालली आहे आणि झटके पश्चिमेकडे पायऱ्या टाकतायत, हे एकदा दिसलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

'तिरप्या सरळ रेषा म्हणजे सोडलेला झोत.'

एटीएमएसच्या पाहणीचा पट्टा सुमारे 2,600 किलोमीटर रुंद असतो आणि रेषा ही त्याची कड असते. कक्षेचा कल विषुववृत्ताशी 98.7 अंशांचा, म्हणून वर चढणारी फेरी उजवीकडून किंचित डावीकडे झुकते आणि खाली उतरणारी वरच्या उजव्या बाजूने खालच्या डाव्या बाजूला येते. व्हिडिओतल्या रेषांचा झुकाव नेमका असाच सापडेल. कधी एखाद्या उपग्रहाचा डेटा बिघडलेला येतो किंवा दोन उपकरणांची जुळणी थोडी चुकलेली असते. तेव्हा पूर्ण पट्टाच वेगळ्या रंगाचा दिसतो. असं रंगीत फावडं फिरल्यासारखं चित्र सगळ्यात जास्त शेअर होतं.

'काल पाहिलेली फ्रेम आज बदललेली आहे. पुरावा पुसला.'

सगळ्यात ताज्या तासांसाठी 'नंतरची फेरी' अजून झालेलीच नसते, म्हणून ती चित्रं फक्त पुढे ढकललेल्या जुन्या वाफेवर उभी असतात. पुढचा डेटा आला की तीच वेळ नव्याने आणि जास्त अचूक काढता येते.

'हार्प आणि रडार मिळून हे घडवतात.'

हार्प हे अलास्कातल्या गाकोना इथलं, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा (आयनोस्फिअरचा) अभ्यास करणारं रेडिओ-केंद्र. त्याची शक्ती 3.6 मेगावॉट, म्हणजे 36 लाख वॉट. त्याच्या 2.7 ते 10 मेगाहर्ट्‌झच्या लहरी खालच्या हवेतून तशाच निघून आयनोस्फिअरमध्ये पोचतात. वातावरणीय नदीतली बहुतेक वाफ मात्र खालच्या तीन किलोमीटरांत असते. अमेरिकेची नेक्सरॅड ही हवामान-रडारं स्पंदाच्या क्षणापुरती 750 किलोवॉटपर्यंत जातात, पण स्पंद मायक्रोसेकंदांचे असल्याने सरासरी एक-दीड किलोवॉटच्या घरातच राहते, म्हणजे घरातल्या गिझरपेक्षाही कमी.

आता नदीचा हिशोब. सरासरी वातावरणीय नदीतून सेकंदाला सुमारे 50 कोटी किलो वाफ वाहते, ॲमेझॉनच्या मुखातून पडणाऱ्या पाण्याच्या अडीचपट. एक किलो वाफेचं पाणी होताना 25 लाख ज्यूल ऊर्जा सुटते. दहावा हिस्साच गळला असं धरलं, तरी तेवढ्या ऊर्जेसाठी साडेतीन कोटी हार्प एकदम चालू ठेवावे लागतील.

आणि 1861-62 च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो पाण्याखाली गेली, नवे गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड शपथविधीला होडीतून गेले, विधिमंडळ तात्पुरतं सॅन फ्रान्सिस्कोला हलवावं लागलं. तेव्हा रेडिओचाही शोध लागलेला नव्हता.

'नकाशा एकाच संस्थेचा. तोच खोटा असला तर?'

मग इतर मोजमापांशी ताडून पाहा. ओकलंडहून रोज दोनदा, 00 आणि 12 यूटीसीला, म्हणजे भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला, हवामान फुगा सोडतात. त्याच्या नोंदीत स्तंभातल्या वाफेचा आकडा थेट मिळतो. जमिनीवरचे जीपीएस ग्राहकही हेच सांगतात: स्तंभातल्या दर मिलिमीटर वाफेमागे सिग्नल साधारण साडेसहा मिलिमीटर अंतराइतका रेंगाळतो. शिवाय हिवाळ्यात अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीची विमानं नदीच्या वरून आडवी जात ड्रॉपसोंड, म्हणजे खाली पडताना हवा मोजणारी उपकरणं, टाकतात. मोजण्याच्या या तीन पद्धती एकमेकींवर अवलंबून नाहीत.

ताडताना एक घोटाळा टाळा. भूस्थिर उपग्रहांचं 'वॉटर व्हेपर' चित्र, अमेरिकेच्या गोज-18 चं 6.2 मायक्रॉनचं असो की आपल्या इन्सॅट-3डीआर किंवा 3डीएसचं, मुख्यतः वरच्या थरातली वाफ दाखवतं. पाऊस आणणारी खालची वाफ त्यात झाकलेली राहते. 'इथे नदी दिसते, तिथे दिसत नाही, म्हणजे बनाव' ही तक्रार त्यातूनच येते.

'लाल रंग आला, म्हणजे पूर येणारच.'

हा समज व्हिडिओ खरा मानणाऱ्यांचा आहे आणि खोटा मानणाऱ्यांचाही. नुसती वाफ पुरत नाही, ती वाहावी लागते. स्तंभात 40 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 40 किलो वाफ असेल आणि वारा सेकंदाला 20 मीटर, तर वहन (वाफ गुणिले वारा) 800 भरतं. विषुववृत्ताजवळ 60 मिलिमीटर वाफ असून वारा 3 मीटर असेल तर 180 च. नदी म्हणायला निदान 250 लागतात. तिची तीव्रता पाच श्रेणींत मोजतात: 250, 500, 750, 1,000 आणि 1,250 या पायऱ्या, आणि एका जागी ती 24 तासांपेक्षा कमी टिकली तर एक श्रेणी खाली, 48 तास किंवा जास्त टिकली तर एक श्रेणी वर. म्हणून 800 ची पण दोन दिवस हटून बसलेली नदी 1,100 च्या 30 तासांच्या नदीच्या बरोबरीला, चौथ्या श्रेणीत, येते.

म्हणूनच जुलैत कोकणाचा नकाशा पाहून घाबरू नये. पावसाळ्यात अरबी समुद्रावर 50 ते 65 मिलिमीटर वाफ असणं नेहमीचंच आहे, पट्टी लालच दिसणार. तिथे बघायचं ते दीड किलोमीटर उंचीवरच्या पश्चिमी वाऱ्याचा जोर आणि तो सह्याद्रीला किती काटकोनात भिडतो ते.

कॅलिफोर्नियासाठी आमचा क्रम असा: आधी मिमिकची 72 तासांची फिल्म, मग वहनाचा अंदाज, मग किनाऱ्यावर नदी किती तास रेंगाळेल, आणि सगळ्यात शेवटी सिएरा नेवाडात हिमरेषा किती उंचीवर असेल ते. ती हजार मीटर वर सरकली तर एरवी बर्फ होऊन डोंगरावर थांबणारं पाणी त्याच रात्री नद्यांमधून धरणांकडे निघतं. फेब्रुवारी 2017 मध्ये अशाच उबदार, ओल्या आठवड्यात ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याला भगदाड पडलं आणि खालच्या गावांतल्या 1,80,000 हून अधिक लोकांना घरं सोडावी लागली.