ॲक्वाचा सूड स्वतःसाठी नाही: एक खुलासा
‘ओशी नो को’ या जपानी ॲनिमे मालिकेचा नायक ॲक्वा स्वतःच्या खुनाचा सूड उगवण्यासाठी पुन्हा जन्म घेतो, असे जे सांगितले जात आहे ते चुकीचे आहे. डॉक्टर गोरो मारला जातो आणि आय होशिनो या गायिकेच्या पोटी जुळ्यांपैकी एक, म्हणजे ॲक्वा, म्हणून जन्मतो, हे खरे. पण तेव्हा सूड त्याच्या मनातही नसतो. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पहिल्याच दीर्घ भागात फुलांचा गुच्छ घेऊन दारात आलेला चाहता आयला भोसकतो आणि लहानग्या ॲक्वाच्या डोळ्यांदेखत ती प्राण सोडते (मालिकेतला मला सर्वांत हेलावून गेलेला प्रसंग हाच), तिथे सूडाची ठिणगी पडते. हल्लेखोर आत्महत्या करतो. त्यामुळे ॲक्वा शोधतो ते हल्लेखोराला आयचा पत्ता पुरवणाऱ्याला, म्हणजेच, त्याच्या तर्कानुसार, स्वतःच्या जन्मदात्याला.