दोन मिनिटांचं विमान आणि मुक्कामी एसटी

परवा तीन ग्रुपवर एकच व्हिडिओ आला. 'जगातला सगळ्यात छोटा विमानप्रवास, फक्त दोन मिनिटं!' खाली हसणारे चेहरे, 'एवढ्यासाठी विमान कशाला, पोहत जा की!' मी अकरा वर्षं ग्लासगोत राहतो, त्या विमानात दोनदा बसलोय. ते हसणं मनाला लागलं, म्हणून लिहितोय.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये अंतर २.७ किलोमीटर. विक्रम ५३ सेकंदांचा. पण विमान तेवढ्यासाठी उडत नाही. ते ऑर्कनीच्या मुख्य गावाहून, कर्कवॉलहून निघतं, वाटेत वेस्ट्रेला थांबतं आणि पुढे जातं. तो शेवटचा टप्पा तेवढा दोन मिनिटांचा. पापा वेस्ट्रेवर शंभरसुद्धा माणसं नाहीत.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन गेलो. आयलँडर विमान, दोन पंखे, आठ प्रवासी, त्यातला एक थेट वैमानिकाशेजारी. मध्ये दार नाही. पुढच्या सीटवर एक शिक्षिका व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या; बेटांवरच्या शाळांत शिकवायला जातात म्हणाल्या. वैमानिकानं मागं वळून सगळ्यांचे पट्टे बघितले आणि विमान काढलं. उतरलो तर अग्निशमनाचा पोशाख घातलेला बेटावरचाच एक माणूस उभा. आई म्हणाली, "अरे, ही तर आपली मुक्कामी गाडीच की!" आणि मग लगेच, "तिकिटात भागतं का रे यांचं?"

नाही भागत. ऑर्कनीचं कौन्सिल (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) कंत्राट देतं आणि तिकिटांतून न निघणारा खर्च भरतं. मुद्दा तोच आहे.

या बेटांवर विमानसेवा १९३० च्या दशकात कॅप्टन फ्रेसन यांनी सुरू केली होती. युद्धानंतर सरकारी कंपनीनं ती ताब्यात घेतली आणि लहान बेटं सोडून दिली. पुढे विली लोगन नावाच्या बांधकाम कंत्राटदारानं १९६२ मध्ये स्वतःच्या कामासाठी विमान ठेवलं, त्यातून लोगनएअर उभी राहिली, आज हे दोन मिनिटांचं विमान चालवणारी कंपनी. स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा रस्त्याचा पूल लोगन यांच्याच बांधकाम कंपनीनं बांधला. तो खुला व्हायच्या काही महिने आधी, जानेवारी १९६६ मध्ये लोगन विमान अपघातात गेले. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं विमान मोकळं नव्हतं, दुसऱ्याचं भाड्यानं घेतलं होतं. वाचताना आजही पोटात तुटतं.

लोगनएअर मात्र टिकली. १९६७ मध्ये ऑर्कनीची बेटं पुन्हा जोडली. मग मालक बदलले (एकदा तर चक्क बँक मालक होती), कधी ब्रिटिश एअरवेजचे रंग, कधी फ्लायबी या दुसऱ्या विमान कंपनीचे. २०१७ पासून पुन्हा स्वतःचं नाव. रुग्णांना मोठ्या इस्पितळात पोचवायचं कामही २००६ पर्यंत तिनं केलं. 'बारा' (Barra) नावाच्या बेटावर तर तिची विमानं समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतात. भरतीला धावपट्ट्या पाण्याखाली जातात, म्हणून वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं.

आपल्याकडे 'उडान' या लहान शहरांना विमानानं जोडायच्या सरकारी योजनेत एका मार्गाला साधारण तीन वर्षं तूट भरून मिळते. त्यानंतर मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मला हे गणितच पटत नाही. गावाकडच्या रस्त्याला आपण तीन वर्षांनी 'आता स्वतः कमव' म्हणतो का? जिथे प्रवासी खरोखरच थोडे आणि दुसरी वाट लांबची, तिथे विमान हा रस्ताच आहे. रस्त्यासारखीच त्याची डागडुजी दरवर्षी, कुणीतरी, जनतेच्या पैशातून करावी लागते. मार्ग नीट निवडा, थोडेच निवडा, पण निवडलेल्याला दहा वर्षांची हमी द्या. लोक त्या विमानाच्या भरवशावर डॉक्टरची वेळ घेतील, तेव्हा ते भरायला लागेल. एक दिवस आहे, चार दिवस नाही, अशा गाडीला कोण थांबतं? एसटीच्या थांब्यावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

परतीच्या विमानात त्या शिक्षिका पुन्हा भेटल्या. पेटी तशीच मांडीवर. पुढच्या आठवड्यात नॉर्थ रोनाल्डसे बेट, म्हणाल्या.