‘घरात बसून लिहिणं सोपं असतं, ताई’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुरुंगातून सुटून घरी आलेल्या बायकांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “गुन्हा करताना घर आठवलं नाही का? पुरुष कैद्यांचं काय? आकडे कुठे आहेत? घरात बसून लिहिणं सोपं असतं, ताई.”

एक चूक मान्य, जी आपल्या नजरेतून सुटली. तुरुंगात आईजवळ मूल पाच वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, असं मी लिहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सहा वर्षं सांगितली आहेत. दुरुस्ती केली.

पण ते शेवटचं वाक्य दोन दिवस टोचतंय. त्यातलं ‘ताई’ तर जास्तच. मान देऊन हिणवायची ही कुठली रीत?

हो, घरात बसूनच लिहिलंय. ते घर सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत आहे. माझी मावशी भिशीच्या पैशांच्या केसमध्ये चौदा महिने येरवड्याला कच्ची कैदी होती, म्हणजे निकाल लागायच्या आधीच आत. पुढे निर्दोष सुटली, पण निकालाचा कागद गल्लीत कोण वाचतो? आली तेव्हा तिचं विडीचं कार्ड बंद झालेलं. मग शेजारणीच्या कार्डावर पानं-तंबाखू आणायची आणि हजार विड्यांच्या मजुरीतला वाटा तिला द्यायचा. ठरत आलेलं लेकीचं लग्न मोडलं. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या दारात आलं ते फक्त माझ्या आईला. मावशी आत सूप मांडीवर घेऊन बसली होती, तिने मान वर केली नाही. नळावर ती गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या, म्हणून तिच्यासोबत मी जायचे. मी तेव्हा बारावीत होते. तुम्ही गेलात कधी कुणासोबत असं?

आणि नवरा? चौदा महिन्यांत एकदाही भेटीला गेला नाही. त्याच गल्लीतला एक जण मारामारीत आत जाऊन आला, तर पोरं हार घेऊन चौकात उभी होती. पुरुष कैद्यांबद्दल एवढं पुरे. त्यांच्यावर तुम्ही लिहा, कोणी अडवलंय?

आकडे हवेत ना? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातले सुमारे ७५ टक्के कैदी कच्चे आहेत, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. बायका सगळ्या मिळून ४ टक्क्यांच्या आसपास. ‘गुन्हा करताना’ हे शब्द लिहिण्याआधी हे बघायला हवं होतंत.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र नावानिशी लिहा.