एकवीस गुणिले एकवीस

भाद्रपद लागला की ठाणेकराची मान खाली जाते. एरवी ती खड्ड्यांसाठी जाते, आता दूर्वांसाठी.

एकवीस दूर्वांच्या एकवीस जुड्या म्हणजे 441. मिनिटाला दहा खुडल्या तरी पाऊण तास, तोही उकिडवं बसून, छत्री मानेत दाबून आणि डास न मारता. अनलासुराला गिळल्यावर बाप्पाच्या अंगाची आग झाली, तेव्हा 88,000 ऋषींनी प्रत्येकी 21 दूर्वा वाहिल्या म्हणे. झाल्या 18,48,000. हे ऋषी घोडबंदर रोडला राहत असते तर बाप्पाला थंड दुधावर भागवावं लागलं असतं.

सोसायटीत हिरवळ ढीग असते हो! बर्म्युडा नावाने विकत आणून अंथरतात ती आपली हरळीच, आडनाव बदललेली. पण दूर्वा म्हणजे तिचा तीन किंवा पाच पात्यांचा कोवळा शेंडा, आणि लॉनचं मशीन नेमका तोच उडवतं. शिवाय माळ्याने तणनाशक मारलंय का, ते आधी विचारावं. ग्लायफोसेट मारलेलं गवत पुढे काही दिवस हिरवंगार दिसतं, म्हणजे फसायला उत्तम.

टॉवरच्या सावलीतही शोधू नये. हरळीला ऊन लागतं. ती सापडते कुंपणाच्या कडेला, पेव्हर ब्लॉकच्या फटीत, जिथे मशीन पोचत नाही. दुर्दैवाने तिथे सोसायटीतले कुत्रे पोचतात. त्यामुळे खुडण्याआधी वास घ्यावा, लाजू नये.

तोतये पुष्कळ. दांडा बोटांत फिरवावा. तीन कडा लागल्या तर तो नागरमोथा. झुबक्याने उगवलेलं, बुडाशी चपटं-पांढरट असेल तर ते नाचणीच्या जातीचं रानगवत. त्याचा तुराही बोटांसारखाच, फक्त जाडजूड. खरी हरळी जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मूळ धरते. म्हणूनच उपटू नये. उपटली की हातभर वेल मातीसकट येते. शेंड्याखालच्या पेरावर नख लावून खुडावी. तुरा आलेली सोडून द्यावी.

धुऊन निथळाव्यात, देठ सारखे करून दोऱ्याने बांधाव्यात आणि ओल्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम धरून त्या पिवळ्या पडतात, आणि ते कळतं आरतीच्या दहा मिनिटं आधी.

जांभळी नाक्यावर तयार जुडी मिळते. ती सोडून बघावी. बाहेरून दूर्वा, आत जाड काड्या, मधोमध चुकून आलेलं काहीतरी. एकवीस आहेत का, हे मात्र मोजू नये. घासाघीस करणाऱ्याला मोजायचा हक्क नाही, असं माझं मत आहे.

गावाकडे फोन करून "दूर्वा मिळत नाहीत" असं सांगून बघा. काका हसत सुटतील. त्यांच्या शेतात कुळव फिरला की हरळीच्या मुळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक डोळ्याला नवा कोंब येतो. भर उन्हाळ्यात खोल नांगरून, मुळ्या वेचून वाळवाव्या लागतात. दूर्वेच्या मंत्रात 'कांडाकांडातून वाढणारी' असं तिचं कौतुक आहे. मंत्र रचणाऱ्याला कुळव धरावा लागला नसावा.

शेवटचं. निर्माल्याचं खत घरीच करणार असाल तर दूर्वांची पेरं आधी नीट वाळवा. नाहीतर दिवाळीपर्यंत तुळशीच्या कुंडीत हरळी हजर होते, आणि ती उपटायला पुन्हा उकिडवं बसावं लागतं.